घडाला टॉनिक, बागेला काय?

केळ निसवली की शेतकरी दुकानात येतो. दौंडचे चौफुला असो, केडगाव असो, नाहीतर शिरूरकडचे न्हावरे. काउंटरवरचा संवाद फारसा बदलत नाही. "घड निघाल्यात, पण साइज नाही. काय मारू?" दुकानदार फळीवरून एक बाटली उतरवतो, तिच्या शेजारची दुसरी उतरवतो. "तात्या, ह्यात जीए आहे, ह्यात सिक्स बीए. संगं हे सीवीड घ्या अन् स्टिकर. आठ दिवसांत फरक बघा." चारही वस्तू उधारीच्या वहीत चढतात. तात्यांचा प्रश्न रास्त असतो. दुकानदाराचे उत्तरही सगळेच्या सगळे खोटे नसते. तरी या व्यवहारात पैसा तात्यांचा जातो, जोखीम तात्यांची असते आणि उपयोग झाला की नाही हे दोघांपैकी कोणालाच कळत नाही.

म्हणून माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. केळीत वाढ-नियामकांचा, म्हणजे आपण ज्यांना संजीवके म्हणतो त्यांचा, उपयोग आहे. तो प्रयोगांतून दिसलेला आहे आणि त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण भीमा-घोडच्या काठावर ती बहुतेक वेळा उशिरा वापरली जातात, भलत्याच कारणासाठी वापरली जातात आणि ज्याला ती विकायची आहेत त्याच्या सांगण्यावरून वापरली जातात. घडाचे वजन ज्या महिन्यांत ठरते त्या महिन्यांत बागेकडे झालेले दुर्लक्ष शेवटी बाटलीने भरून निघत नाही. एवढी साधी गोष्ट सांगायला लेख कशाला, असे कोणी म्हणेल. पण या साध्या गोष्टीच्या विरुद्ध बाजूला आज एक मोठा बाजार उभा आहे.

शिरूर आणि दौंड हे मुळात उसाचे तालुके. खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा, चासकमान आणि घोड धरणांचे कालवे, भीमेवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि दौंडच्या पूर्व टोकाला उजनीचा फुगवटा, या पाण्यावर इथला ऊस उभा राहिला. ऊस हे आळशी माणसाचे पीक, असे म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. ते अन्यायाचे आहे. पण ऊस चुका पोटात घालतो हे खरे. पाणी आठ दिवस उशिरा आले, खत महिनाभर लांबले, तरी कारखान्याच्या काट्यावर काही ना काही वजन भरतेच. पाटसचा भीमा कारखाना काही हंगाम बंद राहिला आणि शेवटी तो भाडेतत्त्वावर चालवायला द्यावा लागला. असल्या अनुभवाने पोळलेला शेतकरी दुसरे पीक शोधतो. डोळ्यांसमोर शेजारचा नमुना असतो. उजनीच्या पाण्यावर इंदापूर, करमाळा, माढा या तालुक्यांनी केळी उभी केली. करमाळ्याच्या कंदरसारख्या गावातून खोकी भरून केळी आखाती देशांत जाऊ लागली. ते पाहून ऊस मोडून जी-नाईन लावणारा माणूस उसाची सवय मात्र बरोबर घेऊन येतो. केळ चुका पोटात घालत नाही. ती चूक घडावर लिहून दाखवते, आणि तीही पाच-सहा महिन्यांनी, जेव्हा चूक कोणती होती हे आठवत नसते. संजीवकांचा बाजार नेमका याच विस्मरणावर चालतो.

पण बाजाराकडे वळण्याआधी दुसऱ्या टोकाच्या मंडळींचा समाचार घेतला पाहिजे. पुण्यातल्या सोसायट्यांत "केमिकलची केळी नकोत" म्हणणारा एक वर्ग आहे. हा वर्ग मार्केट यार्डातून आलेली पिवळीधमक केळी संशयाने उलटीसुलटी करून पाहतो आणि दुप्पट पैसे देऊन "नैसर्गिक" पाटी लावलेली घेतो. त्यांची भीती समजू शकते. माहिती मात्र कच्ची आहे. महाराष्ट्रात आज व्यापारी तत्त्वावर लावली जाणारी बहुतेक केळी ग्रँड नैन, म्हणजेच जी-नाईन, तीही ऊतिसंवर्धित. जळगावच्या जैन इरिगेशनने नव्वदच्या दशकात ही रोपे शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत नेली. हे रोप जन्माला येते ते काचेच्या बाटलीत. कंदाच्या शेंड्याचा लहानसा तुकडा घेऊन तो ज्या माध्यमावर ठेवतात, त्यात बेंझिल अॅडेनीन घातलेले असते. त्यामुळे एका शेंड्याचे अनेक फुटवे होतात. पुढे ऑक्झिन गटातले द्रव्य दिले की त्यांना मुळे फुटतात. दुकानात ज्याला "सिक्स बीए" म्हणतात, ते हेच बेंझिल अॅडेनीन. म्हणजे ज्या रोपाने महाराष्ट्रातली केळी बदलली, ते रोपच संजीवकांनी घडवलेले आहे.

पिकण्याचेही तसेच. १९३४मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी दाखवून दिले, की पिकणारे फळ स्वतःच इथिलीन वायू सोडते. केळ पिकते ती या वायूने, मग तो तिच्या पोटातला असो की रायपनिंग चेंबरमधला. आपल्याकडे अन्नसुरक्षा नियमांनुसार चेंबरमध्ये १०० पीपीएमपर्यंत इथिलीन वापरायला परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. कार्बाइडमधून निघतो तो अॅसिटिलीन, आणि त्याबरोबर आर्सेनिक व फॉस्फिनचे अंश येण्याचा धोका असतो. कार्बाइड आणि इथिलीन या दोघांना एकाच "केमिकल" शब्दात कोंबणाऱ्या ग्राहकाने कार्बाइडवाल्याचेच काम सोपे केले आहे. दोन्ही सारखेच वाईट म्हटल्यावर कोणी महागडे चेंबर कशाला बांधेल?

तर संजीवके वाईट म्हणून वापरू नयेत, असे मी म्हणत नाही. ती काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, एवढाच मुद्दा आहे.

१९२६मध्ये, तैवान जपानच्या ताब्यात असताना, एइची कुरोसावा भाताच्या एका रोगाचा अभ्यास करत होते. रोगट रोपे इतरांपेक्षा झपाट्याने उंच व्हायची, फिकट पडायची आणि कोलमडायची. ही उंची एका बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे येते, असे त्यांनी दाखवले. पुढे जपानमध्येच ते द्रव्य वेगळे काढले गेले आणि बुरशीच्या नावावरून जिबरेलिन हे नाव रूढ झाले. आपले जीए ते हेच. त्याच्या जन्मकथेतच त्याचा स्वभाव आला आहे. जिबरेलिन पेशीला लांबायला सांगते. पण लांबलेल्या पेशीत भरायचा माल ते स्वतः आणत नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी कायनेटिन शोधले. त्यातून पेशींना विभागायला सांगणाऱ्या सायटोकायनिन गटाची ओळख झाली. इथेही तेच: पेशी वाढतील, पण त्या भरायची साखर पानांतून यावी लागते. संजीवक म्हणजे हुकूम आहे, आणि हुकमाने कोठारात धान्य येत नाही.

आता केळीच्या पोटात काय चालते ते पाहू, कारण सगळा वाद इथेच सुटतो. केळीचे खोड म्हणून आपण जे पाहतो ते पानांच्या देठांचे वेटोळे. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. ऊतिसंवर्धित रोप लावल्यावर साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात, बाहेरून काहीही दिसत नसताना, त्या कंदाच्या शेंड्यावर पान तयार होणे थांबते आणि घड तयार होऊ लागतो. किती फण्या येणार, एका फणीत किती केळी बसणार, हे तेव्हाच ठरते. तो घड पुढे खोडातून वर सरकत सातव्या-आठव्या महिन्यात बाहेर पडतो. आपण त्याला निसवणे म्हणतो आणि जणू घड आता जन्मला असे समजून धावपळ सुरू करतो. प्रत्यक्षात त्याचा हिशेब दोन-तीन महिन्यांपूर्वीच मिटलेला असतो. निसवलेल्या घडावर जगातले कोणतेही संजीवक मारले तरी फणी एकाने वाढत नाही.

मग काय वाढते? निसवण्यानंतर साधारण पहिला महिना केळीच्या गरातल्या पेशी विभागत असतात. त्यानंतर त्या मोठ्या होतात आणि पिष्टाने भरतात. या पहिल्या महिन्यात दिलेल्या सायटोकायनिनला काही अर्थ आहे. शेवटची फणी उघडल्यावर दिलेल्या जिबरेलिकने केळ लांबू शकते. त्याच सुमारास घडावर सल्फेट ऑफ पोटॅशची दीड-दोन टक्क्यांची फवारणी केली तर वजन वाढते, हे देशात अनेक ठिकाणच्या प्रयोगांत दिसले आहे. गंमत अशी, की पोटॅश हे संजीवक नाही. ते साधे अन्नद्रव्य आहे आणि केळ पोटॅशची खादाड आहे. पण "टॉनिक"च्या पुढे पोटॅशला कोण विचारतो?

हे भरणे अवलंबून आहे पानांवर. केळ निसवल्यानंतर नवे पान येत नाही. त्या दिवशी झाडावर जी दहा-बारा चांगली पाने असतील, त्यांच्याच जिवावर पुढचे तीन-साडेतीन महिने घड पोसायचा. करप्याने त्यातली निम्मी खाल्ली असतील, वाऱ्याने उरलेल्यांच्या चिंध्या केल्या असतील, तर सिक्स बीए पेशींना विभागायला सांगेल आणि त्या पेशी रिकाम्या राहतील. बांधावर शेवरी किंवा गजराज गवताचा वाराअडवा लावायला ज्याने आळस केला, त्याला नंतर संजीवकाच्या दुकानात जागा मोकळीच असते.

याला शिरूर-दौंडचे हवामान जोडून पाहा. इथे डिसेंबर-जानेवारीत कित्येक रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि एप्रिल-मेमध्ये दुपार चाळिशी गाठते. केळीला दोन्ही मानवत नाहीत. बारा-तेरा अंशांखाली तिची वाढ जवळपास थांबते. मृगबाग म्हणून जूनच्या शेवटी लावलेल्या रोपाचा घड ऑक्टोबर-नोव्हेंबरात ठरतो, पण तो बाहेर पडायच्या वेळी जानेवारीची थंडी असते. घड खोडाच्या गळ्यात अडकतो, अर्धा बाहेर, अर्धा आत, फण्या वेड्यावाकड्या. फेब्रुवारीत लावलेली बाग ऑक्टोबरात छान निसवते, पण घड भरायचा काळ थंडीत जातो. माल बारीक राहतो आणि काढणी लांबते. पावसाळा सरताना लावलेल्या कांदेबागेचे रोप लहानपणीच थंडी खाते आणि घड ठरायच्या वेळी ऊन. तिन्ही लागवडींत काहीतरी सोसावे लागतेच. कोणते सोसायचे हे आपल्या जमिनीवरून, पाण्याच्या पाळ्यांवरून आणि विकण्याच्या महिन्यावरून ठरवायचे असते. या निर्णयाचा घडावर होणारा परिणाम कोणत्याही फवारणीपेक्षा मोठा आहे. पण लागवडीची तारीख बाटलीत भरून विकता येत नाही, म्हणून तिचा प्रचार कोणी करत नाही. बहुतेक ठिकाणी ती तारीख ठरते रोपे कधी मिळाली आणि ऊस कधी तुटला यावरून.

पाण्याचेही असेच. पुण्याचे सांडपाणी घेऊन आलेली मुळा-मुठा दौंडच्या हद्दीत भीमेला मिळते. या पाण्यावर आणि कालव्याच्या पट्ट्यातल्या विहिरींवर पिढ्यान्‌पिढ्या ऊस झाला. काळ्या भारी जमिनीत निचरा नाही. कित्येक ठिकाणी क्षार वर आले आहेत. ऊस ते बऱ्यापैकी सोसतो. केळ सोसत नाही. पानांच्या कडा करपतात, मुळे काळी पडतात, आणि मग शेतकऱ्याला वाटते की झाडाला "ताकद" कमी पडली. त्या ताकदीसाठी तो फवारतो. पाणी-माती तपासणीचा खर्च चार बाटल्यांच्या खर्चापेक्षा किती तरी कमी. पण तपासणीच्या कागदावर काय लिहून येईल याची धास्ती असते. सुधारायला चर खोदावा लागेल, एखादे वर्ष हिरवळीचे खत घ्यावे लागेल. बाटली यातले काहीच मागत नाही.

दुसरे दुखणे उसन्या शिफारशींचे. केळीच्या संजीवकांवर आपल्याकडे सांगितले जाते त्यातले बरेच दक्षिणेतून आलेले आहे. तामिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत २,४-डी हे ऑक्झिन २५ पीपीएमने घडावर फवारायला सांगितले आहे. त्यामागे एक ठोस कारण होते. तिथल्या पूवन जातीच्या केळात कधी कधी बिया धरतात आणि त्या जाव्यात म्हणून ही फवारणी. आपल्या ग्रँड नैनमध्ये बियांचा प्रश्नच येत नाही. तरी "तामिळनाडूची शिफारस" म्हणून ती आपल्या शिवारात फिरते. २,४-डी म्हणजे तेच, जे उसातले रुंद पानांचे तण मारायला आपण पंपात भरतो. पंचवीस मिलिग्रॅमला ते संजीवक आणि ग्रॅमच्या मापाला तणनाशक. दुकानातल्या डब्याच्या झाकणाने मोजणाऱ्या माणसाच्या हाती असले औषध द्यावे का, याचा विचार शिफारस उसनी आणणाऱ्यांनी केला असेल असे वाटत नाही.

त्याच शिफारशींत क्लोरमेक्वाट, म्हणजे सीसीसी, चौथ्या आणि सहाव्या महिन्यात १००० पीपीएमने फवारायला सांगितले आहे. हे नाव ऐकून महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागाईतदाराच्या अंगावर काटा येईल. शेंडा थोपवून काडीत घड धरावा म्हणून नाशिकपासून नारायणगावपर्यंत द्राक्षात ते वर्षानुवर्षे वापरले जात होते. २०१०मध्ये युरोपात त्याचा अंश तपासला गेला, मर्यादेपेक्षा जास्त भरला, आणि आपल्या द्राक्षांचे कंटेनरच्या कंटेनर अडकले. निर्यातदार बुडाले, बागाईतदारांचे पैसे थकले. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव, सतत जागा असलेला बागाईतदार संघ, मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, अपेडाची अवशेष तपासणी, एवढे सगळे पाठीशी असलेल्या पिकाची ही गत झाली. केळीच्या पाठीशी आपल्या जिल्ह्यात यातले किती आहे? आज आपली केळी प्रामुख्याने आखाती बाजारात जाते आणि तिथले निकष युरोपइतके काटेकोर नाहीत, ही गोष्ट कायमची धरून चालणे हा जुगार आहे.

द्राक्षाचा दाखला आणखी एका कारणासाठी द्यावासा वाटतो. जीए कसे वापरावे हे महाराष्ट्राला द्राक्षानेच शिकवले. थॉमसनचा बागाईतदार एक ग्रॅमची पुडी आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवतो, कारण ती पावडर पाण्यात नीट विरघळत नाही. पाण्याचा सामू तपासतो, फुलोऱ्याच्या कोणत्या टप्प्यावर किती पीपीएम याचे कोष्टक पाठ म्हणतो. आता केळीतला हिशेब पाहा. प्रयोगांमध्ये घडावर जीए वापरले जाते ते ५० पीपीएमच्या आसपास, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम. सहा बाय पाच फुटांवर एकरी साधारण १,४५० झाडे बसतात. त्यातले १,४०० घड धरा, घडाला अर्धा लिटर द्रावण धरा. सातशे लिटर पाण्याला ३५ ग्रॅम जीए लागले. दुकानात मिळणारे द्रवरूप जीए बहुतेकदा ०.००१ टक्क्याचे असते. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये जीए असते एक मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. त्यातून ३५ ग्रॅम काढायचे तर साडेतीन हजार लिटर औषध ओतावे लागेल! शेतकरी ओततो लिटरला दोन मिली. म्हणजे ०.०२ पीपीएम, प्रयोगातल्या मात्रेच्या अडीच हजाराव्या हिश्शाइतके. प्रयोगाचा निकाल ५० पीपीएमचा सांगायचा आणि माल ०.०२ पीपीएमचा विकायचा, या दोन्ही गोष्टी "जीए" या एकाच नावाखाली बिनबोभाट चालतात. उलट बाजूने कोणी द्राक्षाची पुडी आणून केळीत वापरली, तर त्या मालाच्या लेबलवर केळीचे नाव आहे का, हा कायद्याचा प्रश्न उभा राहतो.

कायद्याची कथाही वाचण्यासारखी आहे. जिबरेलिकसारखी संजीवके १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. समुद्रशैवाल, अमिनो, ह्युमिक असल्या "टॉनिकां"ना मात्र वर्षानुवर्षे कोणी वालीच नव्हता. फेब्रुवारी २०२१मध्ये त्यांना जैव-उत्तेजके म्हणून खत नियंत्रण आदेशाखाली आणले गेले. जुलै २०२५मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जे सांगितले, ते ऐकून तोंडात बोट घालावे: एके काळी अशी सुमारे तीस हजार उत्पादने देशात विकली जात होती, तात्पुरत्या परवान्यांवर आठ हजारांच्या आसपास टिकली, आणि तपासणी कडक झाल्यावर साडेसहाशेच्या घरात उरली. जी गळाली त्यांच्यावर शेतकऱ्यांनी आजवर किती पैसे घातले, त्याचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही. आणि एखाद्या सीवीडच्या बाटलीने "आठ दिवसांत फरक" दाखवलाच, तर तो सीवीडचा की त्यात गुपचूप मिसळलेल्या कशाचा, हे तात्यांनी कसे ओळखावे? त्या अज्ञात द्रव्याचा अंश परदेशी बंदरावर सापडला, तर खोके ज्याच्या बागेतले त्याच्यावरच शेकेल.

इथे कोणी म्हणेल, की अहो, आमच्या गावात अमक्याने फवारले आणि त्याचा घड तीस किलोचा निघाला, डोळ्यांनी पाहिलाय. पाहिला असेल. पण त्या अमक्याने आणखी काय काय केले तेही पाहा. निर्यातीचा माल करणारा माणूस शेवटची फणी उघडताच केळफूल मोडतो. खालच्या तोकड्या फण्या काढून आठ-नऊच ठेवतो. घडाला स्कर्टिंग बॅग घालतो, दांड्याला पट्टी बांधतो, आठवड्याला वेगळ्या रंगाची फीत लावतो म्हणजे कोणता घड किती दिवसांचा हे काढणीला कळते. ठिबकमधून पोटॅश वेळेवर देतो, पिले वेळच्या वेळी छाटतो. हे सगळे करून तो फवारतो. घड भरतो आणि श्रेय जाते बाटलीला, कारण बाकीच्या कशावर लेबल नसते. मला तर वाटते, की फवारणीच्या निमित्ताने माणूस प्रत्येक घडापाशी दोनदा जातो, मान वर करून पाहतो, फुलकिडे दिसतात, अडकलेला घड दिसतो, टेकू सरकलेला दिसतो, या पाहण्यातच निम्मे काम होत असावे. शिरूरमध्ये तर हे जाणेही आता सोपे राहिलेले नाही. फवारणी सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर करावी असे शास्त्र सांगते आणि नेमक्या त्याच वेळी बिबट्याच्या धास्तीने दाट बागेत शिरायला गडी तयार होत नाही. मग ती होते भर दुपारी, उन्हात, अर्धी बाष्प होऊन.

वजन वाढवणे म्हणजेच भाव मिळवणे, हेही पूर्ण खरे नाही. जहाजाने जाणारा माल पाऊण भरला असतानाच काढावा लागतो. कॅलिपरमध्ये जास्त जाड निघालेले केळ वाटेतच पिकायचा धोका असतो, म्हणून तेही बाजूला पडते. निर्यातदाराला हवा असतो सारखा माल: एका लांबीचा, एका जाडीचा, डाग नसलेला. हा सारखेपणा येतो एकसारख्या रोपांतून, एकाच वेळी निसवलेल्या बागेतून आणि फण्यांच्या विरळणीतून. स्थानिक व्यापारी मात्र किलोवर घेतो आणि चांगल्या-वाईट मालाला जवळपास एकच भाव देतो. त्या शेतकऱ्याला दर्जासाठी खर्च करायला कारणच उरत नाही. त्याला फक्त वजन हवे असते. बाटली त्याला नेमके तेवढेच आश्वासन देते. म्हणून या प्रश्नाचे एक टोक खरेदीच्या पद्धतीत आहे, आणि तिथे प्रतवारीने भाव देणारी खरेदी उभी राहिल्याशिवाय कृषी विभागाची व्याख्याने वाया जाणार.

तरीही संजीवक कुठे वापरावे, याचे उत्तर टाळून चालणार नाही. ज्या बागेत निसवताना दहा-बारा निरोगी पाने आहेत, पोटॅश पोचले आहे, जमिनीत निचरा आहे, फण्यांची विरळणी झाली आहे आणि तरीही घड थंडीच्या तोंडावर भरायचा आहे, तिथे पहिल्या महिन्यात योग्य मात्रेची फवारणी पैसे परत देऊ शकते. ती पोटॅशबरोबर असावी, लेबल पाहून घेतलेली असावी आणि पंधरा-वीस दिवस अंतराने फार तर दोनदा व्हावी. ज्या बागेत यातले काही नाही, तिथे ती करू नये. म्हणजे संजीवकाची गरज वाटते ती कमजोर बागेला आणि त्याचा उपयोग होतो चांगल्या बागेला. विक्रेत्यांचा सगळा धंदा मात्र पहिल्या गटावर चालतो.

शिफारस उसनी नको असेल तर ती इथेच तयार व्हावी लागेल. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र जळगावला आहे. तिथले ऊन, तिथली माती, तिथला हंगाम वेगळा. बारामती आणि नारायणगाव येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, आणि दोन्ही शिरूर-दौंडपासून हाकेच्या अंतरावर. भीमाकाठची भारी जमीन आणि घोडकाठची मध्यम जमीन, मृगबाग आणि कांदेबाग, पोटॅश एकटे आणि पोटॅशसह संजीवक, एवढी साधी चाचणी शेतकऱ्यांच्या बागेत दोन वर्षे घेतली आणि तिचे निकाल गावोगावच्या चावडीवर लावले, तर कृषी सेवा केंद्रातल्या संवादाला पहिल्यांदाच तिसरा आवाज मिळेल. हे काम कोणी खासगी कंपनी करणार नाही. केलेच तर त्यात न फवारलेली झाडे नसतील.

आणि विद्यापीठाची वाट पाहत बसायचेही कारण नाही. शेतकरी मित्रांनो, यंदा फवारणार असाल तर बागेच्या मधली एक ओळ सोडा. तिला खत, पाणी, बॅग, विरळणी सगळे बाकीच्यांसारखेच द्या. फक्त संजीवक देऊ नका. त्या ओळीला फीत बांधा आणि काढणीला तिचे घड वेगळे तोला. फरक एका किलोपेक्षा कमी निघाला तर तो आकडा घेऊन उधारी भरायला दुकानात जा, आणि दुकानदाराला तो वाचून दाखवा.